तीन रेघांची पट्टी

सत्काराच्या पत्रिकेवर कुणाचं नाव आधी घालायचं यावरून सकाळी नऊलाच आवाज चढले, आणि नीलाबाईंना मनातून बरं वाटलं. गेल्या आठ वर्षांत या दिवाणखान्यात कुणी भांडलंसुद्धा नव्हतं.

त्यांचा थोरला मुलगा राजशेखर भिंतीला टेकून बसला होता. डाळमिल त्याच्याकडं आली तशी वडिलांची, म्हणजे अप्पांची, बसायची जागाही त्याच्याकडं आली होती. धाकटा संगमेश्वर दारालगतच्या खुर्चीवर, गाडीची किल्ली हातातच धरून, नांदेडला वेगळं बिऱ्हाड केल्यापासून पाहुण्यासारखा. ज्या मिलच्या अंगणात दोघं खेळून मोठे झाले, तिचं नाव टाळून दोघं बोलत होते. त्यामुळं बोलणं सारखं अडत होतं. मधे सतरंजीवर सिद्रामप्पा. ते अप्पांचे चुलतभाऊ आणि समाजाचे अध्यक्ष. लातुरात त्यांच्याशिवाय लग्न ठरत नसे आणि शालही कुणाच्या खांद्यावर पडत नसे.

"पयलं नाव स्वामीजींचं. त्यात बदल न्हाई," सिद्रामप्पा म्हणाले. "मंग अध्यक्ष म्हणून माझं. मंग घरच्या मंडळींचं."

"आणि जिचा सत्कार आहे तिचं?" संगमेश्वरच्या बायकोनं, मंजुश्रीनं, बशीत भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला वाढता वाढता विचारलं.

"तिचा तर फोटो येतोय की, सूनबाई. फोटो असल्यावर नाव कोण वाचतंय?"

जिचा सत्कार होता ती वर्षाराणी, मंजुश्रीची मुलगी, आजीच्या पायाशी बसून शेंगदाणे वेचून खात होती. अठ्ठावीस वर्षांची. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांपासून नोकरीला. मागच्या महिन्यात बेंगळुरूला तिला धातुशास्त्रातल्या तरुण अभियंत्यांचा पुरस्कार मिळाला होता, सगळ्या देशातून तिघांनाच, आणि त्याचा फोटो समाजाच्या ग्रुपवर पडल्यापासून सिद्रामप्पांना झोप नव्हती.

"एक सांग बाळा," ते म्हणाले. "हे मटेरियल सायन्स म्हंजे नेमकं काय? काल गंजगोलाईच्या बाजारात एकानं इचारलं, तुमची पोरगी सिमेंट-गजाच्या धंद्यात हाय का? मी आपलं हाव म्हणलो."

"कुठली वस्तू कशाची बनवलीय, ती का टिकते, का मोडते, ते बघायचं, आजोबा."

"मोडती ते बघायचं? त्याला बक्षीस?" सिद्रामप्पा राजशेखरकडं वळले. "आणि नोकरी किती वर्षांची? तीन! आमच्या गावच्या मास्तरांनी छत्तीस वर्षं काढली तवा एक शाल भेटली."

"हा पुरस्कार सुरुवात करणाऱ्यांसाठीच आहे. पाच वर्षांच्या आत ज्यांनी काही केलं त्यांच्यासाठी."

"सुरुवातीलाच सत्कार केला तर शेवटी काय करायचं?"

सगळे हसले. नीलाबाई हसल्या नाहीत, कारण त्यांना तोच प्रश्न पडला होता. त्यांच्या उभ्या आयुष्यात शाल आणि नारळ ही निरोपाची सामग्री होती. अप्पांचा पंचाहत्तरीला सत्कार झाला. एक खांदा लुळा पडलेला, म्हणून शाल एका बाजूनं सारखी घसरत होती आणि त्या मागं बसून ती सावरत होत्या. वर्ष झालं नाही तोच अप्पा गेले. तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं होतं की माणसाचं काम झालं हे चारचौघांत सांगणं म्हणजे सत्कार. मग या पोरीचं कोणतं काम झालं? ती तर अजून शेंगदाणे वेचून खाते.

*

राजशेखरला पुरस्कारातलं काही कळत नव्हतं आणि त्याला त्याची गरजही वाटत नव्हती. त्याला हवा होता तो मंगल कार्यालयातला एक रविवार, आणि त्या दिवशी संगमेश्वर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. 'झालं गेलं' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. फेटे बांधायचे, फोटो काढायचे, जेवायला बसायचं. भाऊ असेच परत येतात, असा त्याचा हिशेब होता.

झालं गेलं म्हणजे चांदपाशा मिस्त्री.

चाळीस वर्षं मिलमधलं सगळं लोखंडकाम चांदपाशानं केलं. तुरीची साल काढायचा रोलर, तो ज्यावर फिरतो तो शाफ्ट, पुली, सगळं त्याच्या लेथवर कातून उतरलेलं. दोघं भाऊ लहानपणापासून त्याला मामू म्हणत. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात चालत्या रोलरचा शाफ्ट तुटला, पट्टा सुटून अप्पांच्या खांद्यावर आला आणि खांदा कायमचा गेला. शाफ्ट बसवून चौदा महिनेच झाले होते. कातकामातच खोट होती, नाहीतर चौदा महिन्यांत पोलाद तुटतं? सगळे तेच म्हणाले. राजशेखर दवाखान्यातून मिलमध्ये आला आणि अंगणात, चाळीस माणसांसमोर, वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करत म्हणाला, "तुझ्या हातानं माझ्या बापाचा खांदा गेला. फाटकाच्या आत परत पाय ठेवू नको."

चांदपाशा काही बोलला नाही. राजशेखरच्या लेखी न बोलणं म्हणजेच कबुली. संगमेश्वर म्हणाला, "मामूच्या हातून असं होणार न्हाई," आणि त्या एका वाक्यावरून वर्षभरात घर दोन ठिकाणी झालं. जाताना त्यानं मिलमधली एकच वस्तू नेली. तुटलेल्या शाफ्टचा तुकडा, पोत्यात गुंडाळून.

"आता असं कर बाळा," सिद्रामप्पा म्हणत होते, "तू काय केलंस ते दोन ओळींत सांग. मराठीत. निवेदकाला द्यायचंय. आमच्या लोकांना लागलं पाहिजे असं सांग."

वर्षाराणीनं शेंगदाणा बशीत परत ठेवला.

"मिलमधले शाफ्ट का मोडतात, ते शोधलं. लातूर, उदगीर, नांदेड, उमरीकडचे मोडलेले त्रेचाळीस शाफ्ट जमवले."

"वा! आपल्या भागातले!" सिद्रामप्पांनी टिपून घेतलं. "मंग? का मोडतात?"

"वेगवेगळी कारणं असतात."

"एक सांग. मोठं."

तिनं आईकडं बघितलं. मंजुश्री वाढायचं सोडून उभी राहिली होती.

*

हे असं होईल हे वर्षाराणीला माहीत होतं आणि तरी ती आली होती. का आली, हे तिला बेंगळुरूपासून कळत नव्हतं.

वडिलांनी पोत्यातला तो तुकडा तिला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी दिला होता. "मामूची चूक न्हाई एवढं कागदावर दाखव," म्हणाले होते. तिनं तुकडा धुतला. तुरीची साचलेली पावडर आणि ग्रीस निघाल्यावर तुटलेल्या तोंडावर रेघा दिसल्या, तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं तेव्हा काठावर राहतात तशा. पोलाद एका दिवसात तुटत नाही. केसाएवढी भेग पडते आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी सरकते. त्या रेघांच्या मागं मागं गेलं की भेगेचं मूळ सापडतं. तिनं मूळ शोधलं. लेथवर कातलेला भाग स्वच्छ होता, गोलाई हवी होती तिथं बरोबर गोलाई होती. मूळ निघालं दुसरीकडं, पुली आणि बेअरिंगच्या मधे, जिथं एक लहानशी लोखंडी पट्टी वेल्डिंगचा टाका मारून चिकटवली होती.

पट्टीवर तीन आडव्या रेघा कोरलेल्या होत्या.

वडिलांना तिनं एवढंच सांगितलं, मिस्त्रींची चूक नाही. पट्टीचं फक्त आईला सांगितलं. मग तिनं तसलेच आणखी शाफ्ट शोधले आणि ते मिळत गेले. कुठं मालकाच्या नावाची पाटी, कुठं नाल, कुठं त्रिशूळ, सगळं फिरत्या शाफ्टवर डागलेलं. त्रेचाळीसपैकी सतरा. पुरस्कार त्याला होता. परीक्षकांनी लिहिलं होतं की तरुण अभियंत्यानं आपल्याच भागातल्या साध्या यंत्रांकडं इतक्या बारकाईनं बघावं हे दुर्मीळ आहे. शोधनिबंधात घरच्या शाफ्टचा नमुना क्रमांक एक होता, आणि त्याच्यापुढं इंग्रजीत एक ओळ: धार्मिक चिन्ह असलेली पट्टी, मालकाच्या कुटुंबाच्या इच्छेवरून बसवलेली. जगभर कुणीही वाचू शकेल अशी ओळ. फक्त घरातलं कुणी वाचणार नाही.

"फोटो हाय का त्याचा?" नीलाबाईंनी विचारलं. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"आहे आज्जी, पण त्यात काही कळत नाही."

"दाखव. तुझ्या आजोबांच्या मिलमधी मी पन्नास वर्षं काढली. लोखंड मलाबी कळतंय थोडं."

तिनं मोबाइल दिला. नीलाबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि पोरी करतात तसं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. राखाडी खडबडीत तोंड, त्यावर लाटांसारख्या रेघा. कडेला एक गाठ. गाठीवर पट्टी.

त्यांनी नजर लाटांवरून मागं मागं नेली.

"ह्या लाटा कुठून निघाल्यात?" त्यांनी विचारलं.

वर्षाराणीनं मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला.

"आगं, इचारतेय मी. ह्या गाठीपासून निघाल्यात ना?"

"हो, आज्जी."

"ही माझी पट्टी हाय."

*

लग्न होऊन त्या शिरूर अनंतपाळला आल्या तेव्हा सासूबाई पहाटे जात्यावर बसायच्या आधी खुंट्याला विभूतीच्या तीन रेघा ओढत. फिरणाऱ्या वस्तूला शिवाचं नाव लागतं, म्हणत. थांबलेल्या वस्तूला कशाला? पुढं लातूरला मिल झाली. दर खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत नीलाबाई रोलरवर तशाच तीन रेघा ओढायच्या आणि दुपारपर्यंत सालीची पावडर त्या पुसून टाकायची. दरवर्षी मनाला लागायचं. म्हणून नवा शाफ्ट बसला त्या वर्षी त्यांनी लोहाराकडून जिभेएवढी पट्टी करून आणली, छिन्नीनं तीन रेघा पाडलेली. एका फेऱ्याला एक नाम. मिनिटाला चारशे नामं. त्यांनी अप्पांना हिशेब करून सांगितलं होतं आणि अप्पा हसले होते.

"पट्टीनं काय व्हतंय?" त्यांनी नातीला विचारलं. आवाज साधाच होता.

"पट्टीनं नाही आज्जी, टाक्यानं. वेल्डिंगमधे ठिपक्याएवढी जागा लालभडक तापते आणि भोवतीचं पोलाद थंड असतं, म्हणून लगेच निवते. ती जागा काचेसारखी होते. कडक, पण ठिसूळ. तिथं भेग पडते."

"म्हंजे जितकं नाम झालं तितकी भेग सरकली."

"तसं नका म्हणू."

"चारशे," नीलाबाई म्हणाल्या. "मिनिटाला."

संगमेश्वर खुर्चीवरून उठला. नऊ वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. थोरल्यासमोर उभं राहून काय बोलायचं तेही त्याचं पाठ होतं. आता त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना, कारण प्रत्येक वाक्याच्या टोकाला आई बसली होती.

"मला सांगायचं होतंस आधी," तो मुलीला म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात, मिस्त्रींची चूक नाही एवढं दाखव."

"एवढंच म्हणलो होतो!"

"तिच्यावर ओरडू नको," राजशेखर म्हणाला, आणि दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. आता कोण कुणाच्या बाजूनं, ते दोघांनाही कळेना. मग राजशेखर हळू म्हणाला, "संगू, हे बाहेर नको. कार्यक्रम होऊ दे. शाफ्टचं संशोधन म्हणू, तेवढंच."

"हाव," संगमेश्वर म्हणाला. "तेवढंच."

नऊ वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

"बरोबर हाय," सिद्रामप्पांनी लेखणीला टोपण लावलं. "स्वामीजी बसलेले असताना देवाच्या खुणेनं यंत्र मोडलं असं सांगायचं? लोक काय म्हणतील?"

"देवानं नाही मोडलं, आजोबा. अशा पट्ट्या आजही कितीतरी ठिकाणी फिरतायत. परवा उमरीला एकाचा हात जाता जाता राहिला. पट्टी शेजारच्या चौकटीवर लावा, शाफ्टवर डागू नका, एवढं सांगायचंय."

"ते सांग की! घरचं नाव कशाला?"

"आणि मिस्त्रींचं?" मंजुश्री म्हणाली.

तिचा आवाज या घरात कुणाच्या फारसा ओळखीचा नव्हता. बावीस वर्षं ती इथं राहिली, ती बहुतेक स्वयंपाकघरात. नवऱ्यानं मामूची बाजू घेतली आणि तिचं बिऱ्हाड उचललं गेलं, तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं. आता नवऱ्यानं बाजू बदललेली बघून तिला राग आला की हसू, तिचं तिलाच समजेना.

"त्यांचं काय?" राजशेखर म्हणाला.

"ह्या दोघांनी भांडून घर मोडलं ते मिस्त्रींच्या नावावर. आता गोड व्हायचं तेही त्यांच्याच नावावर? पोरगी शाल घेणार ती कशाची?"

"मंजू, तू गप—"

"तू गप बस, संगू," नीलाबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल नातीला परत दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "राजू, गाडी काढ. चांदपाशा कुठं असतो आता?"

"कंधारला. बस स्टँडमागं लेथ टाकलाय म्हणतात. अव्वा, आज कशाला? आपण आधी विचार—"

"इचार तुम्ही करा. मला त्याला एक इचारायचंय." त्या दारापर्यंत जाऊन थांबल्या. "टाका त्यानंच मारला होता. माझ्या समोर. तो काहीतरी म्हणाला होता तवा, आणि ते मला आठवेना झालंय."

*

गाडी अहमदपूरवरून कंधारच्या रस्त्याला लागली. राजशेखर चालवत होता, शेजारी नीलाबाई, मागं मंजुश्री आणि वर्षाराणी. संगमेश्वर लातूरलाच राहिला. सकाळी 'तेवढंच' म्हणून बसल्यावर मामूला तोंड दाखवायला तो कचरत होता, आणि डोकं दुखतंय म्हणून तो थोरल्याच्या पलंगावर जाऊन झोपला.

चांदपाशाचं घर आणि लेथ एकाच पत्र्याखाली होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरी दाढी, बोटांत तेच काळं तेल. गाडी थांबली तसा त्यानं पट्टा सोडून लेथ बंद केला. आधी त्याला नीलाबाई दिसल्या, मग गाडीतून न उतरलेला राजशेखर.

"अक्का? तुम्ही? शकिला, पानी आन गं. खुर्ची दे."

त्याच्या बायकोनं, शकिलानं, खुर्ची आणली, पण ती ठेवली उंबऱ्याच्या बाहेर. नीलाबाई बाहेरच बसल्या.

"चांदपाशा, ही वर्षा. संगूची."

"वळखलो की. एवढीशी होती, माझ्या लेथचं भुसकट खिशात भरायची."

"हिनं तो शाफ्ट तपासला. कशानं तुटला ते हिनं शोधलंय."

चांदपाशानं फडक्याला हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"पट्टीनं," तो म्हणाला.

नीलाबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"तुला ठावं होतं?" नीलाबाईंनी विचारलं.

"तुकडा बघितला त्याच दिवशी. तोंडावर लाटा असतात ना अक्का, त्या बोलून राहतात."

"मंग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? अप्पा दवाखान्यात. तुम्ही देवापाशी हात जोडून बसलेल्या. पूजेच्या पट्टीनं शाफ्ट खाल्ला, हे मी बोलायचं? माझ्या तोंडून?" तो थोडं हसला. "लेथ खराब म्हणले, ते परवडलं. लेथ दुरुस्त व्हतो."

"त्या दिवशी तू मला काय म्हणाला होतास? टाका मारायच्या आधी."

"म्हणलो, अक्का, शाफ्टला नको, बाजूच्या चौकटीला लावू."

"आणि मी?"

"तुम्ही म्हणल्या, चौकट कुठं फिरते."

नीलाबाईंनी डोळे मिटले. वाक्य आठवलं, आपला आवाजही आठवला, त्यातला लाडिक हट्टसुद्धा. माणूस इतकं सगळं लक्षात ठेवतं, जात्याच्या खुंट्यापासून सगळं, आणि नेमकं हेच कसं गळतं?

"म्हंजे माझीच चूक," त्या म्हणाल्या.

"तसं बी न्हाई. नको म्हणायचं ते मी एकदाच म्हणलो. कारागिरानं दोनदा म्हणावं. तरी ऐकलं न्हाई तर यंत्र हाती घेऊ नये. मी टाका मारला. राजूभाऊ बोलले ते खोटं, पर निव्वळ खोटं बी न्हाई. नऊ वर्षं मी हेच उलटंपालटं करून राहिलो." तो वर्षाराणीकडं वळला. "दाखव बेटा."

त्यानं मोबाइल उजेडाकडं धरला. बोटांनी चित्र मोठं करणं त्याला जमेना, ते तिनं करून दिलं. तो गाठीजवळ आला आणि भुवई वर गेली.

"टाका सुटला न्हाई की!"

"नाही. शाफ्ट तुटला, पण टाका अजून धरून आहे."

"बघ शकिला, टाका कसा बसलाय," म्हातारा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते वर्षाराणीला वाचता येईना. इतकी भेगांची चित्रं तिनं वाचली होती. हे अभिमानाचं होतं की दुसऱ्या कशाचं?

शकिलानं मोबाइलकडं बघितलं नाही.

"झालं तुमचं कौतिक?" ती म्हणाली. "अक्का, नऊ वर्षं हे माणूस लातूरच्या गाडीत बसलं न्हाई. पोरीच्या सोयरिकीत इचारलं लोकांनी, ज्या मिस्त्रीच्या हातानं मालक मोडला तो हाच का? आणि आज तुम्ही इथं, माझ्या दारात, चार कोंबड्यांसमोर सांगून राहिलात. इथं कोण बोललं होतं? जिथं बोलले तिथं सांगा."

"शकिला!"

"का? चूक म्हणले का मी?"

"न्हाई," नीलाबाई म्हणाल्या. "चूक न्हाई. रविवारी पोरीचा सत्कार हाय. मिलची सगळी माणसं येणार. मी सांगते तिथं."

"तुम्ही कशाला? तुम्ही यांचं नाव कधी घेतलंच न्हाई." शकिला गाडीकडं बघून बोलत होती. "ज्यानं घेतलं त्यानं सांगावं."

गाडीची काच खाली होती. राजशेखरनं सगळं ऐकलं होतं. तो उतरला, दार लावायचं विसरला, आणि उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. इथंवरच्या शंभर किलोमीटरमधे त्यानं तीनदा ठरवलं होतं की उतरायचं नाही. सिद्रामप्पांना काय सांगायचं, स्वामीजींना काय वाटेल, आईचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं, यातलं त्याला एकही उमगलं नव्हतं.

"मामू," तो म्हणाला.

चांदपाशानं मान खाली घातली आणि मोबाइलवरचं तेल फडक्यानं पुसू लागला.

"मी सांगतो," राजशेखर म्हणाला. "रविवारी. वर्षा, काय बोलायचं ते तू मला नीट लिहून दे. मराठीत. मला सुचायचं न्हाई."

"लिहून कशाला?" शकिला म्हणाली. "त्या दिवशी लिहून आणलं होतं का?"

राजशेखरनं तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. "न्हाई. तसंच तोंडानं सांगतो."